अर्वदचे वल्हेकरी आणि निधीची आई

सोमवारी सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आधी रेणू भिंगारदिवेनं फोन उघडला. जहाजांची जागा दाखवणाऱ्या नकाशावरचा हिरवा ठिपका शनिवारी होता तिथंच होता. सुएझच्या खाली, तांबड्या समुद्रात. शेवटची नोंद बेचाळीस तासांपूर्वीची.

तो ठिपका म्हणजे तिची लेक. चोवीस वर्षांची निधी ह्यूस्टनहून धान्य घेऊन जिबूतीला निघालेल्या मालवाहू जहाजावर थर्ड मेट होती. म्हणजे रोज आठ तास जहाजाचा पहारा आणि दिशा तिच्याकडे. तांबडा समुद्र रेणूला बायबलातल्या मोशेच्या गोष्टीतला माहीत होता. आता तो बातम्यांत यायचा. जहाजांवर ड्रोन पडल्याच्या बातम्यांत.

रेणू नगरची. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. त्यांनी उत्पत्तीच्या पुस्तकातल्या दहाव्या अध्यायातली वंशावळ सगळ्या भावंडांकडून पाठ करून घेतली होती, त्यामुळे कनानाची पोरं, सीदोनापासून अर्वदी नि हमाथींपर्यंत, तिला पाढ्यांसारखी यायची. समुद्र मात्र तिनं पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या सहलीत, मुरूडला, आणि गुडघ्याच्या पुढे पाण्यात गेली नाही. लग्नानंतर देवदत्तच्या मागोमाग ती टेक्सासला अर्विंगमध्ये आली. व्हिसापायी सात वर्षं घरात बसली, मग एका इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगला लागली. कुठं काय बिघडू शकेल ते शोधत राहायचं, हेच तिचं काम. घरी आल्यावरही ते थांबत नसे.

निधीनं गॅल्व्हस्टनच्या मरीन कॉलेजला अर्ज केला तेव्हा रेणूनं काय काय होऊ शकतं ते सगळं सांगून पाहिलं होतं. निधी म्हणाली, "आई, इट्स अ जॉब. तू ड्राइव्ह करतेस ते हायवे जास्त डेंजरस आहेत."

मंगळवारीही ठिपका हलला नाही. जेवणाच्या सुट्टीत तिनं पार्किंगमध्ये गाडीत बसून जहाज कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई अदबीनं बोलली. निधीनं फॉर्मवर ज्यांचं नाव दिलंय त्यांच्याशीच आम्ही बोलू शकतो, तुमचं नाव त्यात नाही.

"मी आई आहे तिची."

"आय अंडरस्टँड, मॅम."

मग कुणाचं नाव आहे? तेही सांगता येणार नव्हतं. रेणू ऑफिसात परत गेली आणि दुपारभर एकाच स्क्रीनकडे बघत बसली.

भरीस भर म्हणजे त्या रविवारी चर्चच्या मराठी फेलोशिपमध्ये वचन सांगायची पाळी तिची होती. अध्याय महिनाभर आधी ठरलेला: यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकातला सत्ताविसावा, समुद्रकाठच्या सोर नगरीवरचा विलाप. संदेष्ट्यानं सोरला एका देखण्या जहाजाची उपमा दिलीय. डोलकाठी लबानोनच्या गंधसरूची, वल्ही ओक लाकडाची, आणि ती वल्ही मारायला सीदोन आणि अर्वदची माणसं. अर्वद म्हणजे फिनिशियन लोकांचं एक इवलंसं बेट, आज सिरियात आहे. त्या लोकांची स्वतःची अशी गोष्ट बायबलात नाही. आधी कनानाच्या वंशावळीत नाव, मग दुसऱ्याच्या जहाजावर वल्हं. रेणूनं टिपणं काढली, पण सव्विसाव्या वचनाशी ती अडायची. तिथं पूर्वेचा वारा सुटतो. पुढच्या वचनात जहाजावरचे सगळेच समुद्रात पडतात.

गुरुवारी ती सलमाबाईंच्या दुकानात गेली. इंडियन ग्रोसरीशेजारी कपडे दुरुस्त करून देणाऱ्या या साठीच्या बाई सिरियाच्या, आणि माहेर नेमकं अर्वदचं. हे रेणूला दोनेक वर्षांपूर्वी बोलता बोलता कळलं होतं. आज देवदत्तची पँट आखूड करायचं निमित्त होतं. पँट काउंटरवर ठेवली आणि तिला पुढं बोलताच येईना. सलमाबाईंनी मशीन थांबवलं, खुर्ची पुढं केली. दोघी आपापल्या इंग्रजीत बोलत.

सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "माझे तिन्ही भाऊ बोटींवर होते. आता भाचा आहे. त्या पाण्यात जहाज स्वतःच सिग्नल बंद करतं. लपायला. ठिपका थांबला म्हणजे जहाज गेलं असं नाही."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

सलमाबाईंनी पँटची शिवण उलटून पाहिली. "आमच्याकडे पुरुषांना आधी कळायचं. धक्क्यावर. आईला ते सगळ्यात शेवटी सांगायचे, तिचा जीव घाबरू नये म्हणून. आई त्यांचे चेहरे बघून ओळखायची. तू नवऱ्याला विचारलंस?"

नव्हतं विचारलं. पण देवदत्त दोन दिवस जेवताना एकदाही निधीबद्दल बोलला नव्हता, हे तिच्या त्या क्षणी लक्षात आलं.

संध्याकाळी तो आला. बूट काढत होता तेव्हाच तिनं विचारलं, "फॉर्मवर तुझं नाव आहे ना?"

तो तसाच एका पायात बूट घेऊन बाकावर बसला. "तिनंच सांगितलं होतं, आईला कळवू नकोस. गेल्या गुरुवारी कंपनीचा मेल आला. शनिवारपासून सिग्नल बंद, इंटरनेट बंद, आठ-दहा दिवस."

"आणि मी तो ठिपका बघत बसलेय."

"तुला सांगितलं असतं तर झोपली नसतीस."

"मी आत्ता कुठं झोपतेय?"

त्यानं फोन तिच्या हातात दिला. मंगळवारी दुसरा मेल आला होता: जहाजाला उशीर होतोय, सर्व कर्मचाऱ्यांची हजेरी घेतली आहे, सर्व सुखरूप. रेणूनं तो दोनदा वाचला.

"हजेरी का घ्यावी लागली?"

देवदत्तनं दुसरा बूट काढला. मग म्हणाला, "तेच मलाही कळत नाहीये. गेले तीन दिवस मी घराच्या कोपऱ्यावर गाडी लावून अर्धा-अर्धा तास बसतो. मग आत येतो."

ती त्याच्यावर चिडली होती, आणि ती चीड पुढे बरेच दिवस राहिली. पण त्या संध्याकाळी तिनं त्याच्या शेजारी बसून तो मेल तिसऱ्यांदा वाचला, आणि नंतर दोघं जेवली.

रविवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये पस्तीसेक माणसं होती. रेणूनं लाकडापासून सुरुवात केली, शीड, नाखवे, अर्वदचे वल्हेकरी इथपर्यंत नीट आली. सव्विसावं वचन वाचायला लागली आणि आवाज बसला. ती पाणी प्यायली, पुन्हा वाचू लागली, पुन्हा थांबली. हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या. तेव्हा मागच्या रांगेतून देवदत्त उभा राहिला आणि आपल्या पुस्तकातून पुढचं वाचू लागला. वारा, बुडणं, आणि मग दुसऱ्या जहाजांवरचे वल्हेकरी खाली उतरून किनाऱ्यावर रडत उभे राहतात तिथपर्यंत.

रेणूनं टिपणं मिटली. "निधीचं जहाज तांबड्या समुद्रात आहे," ती म्हणाली. "आठ दिवस झाले, तिचा आवाज ऐकलेला नाही. मी कुणाला बोलले नव्हते. तिच्यासाठी प्रार्थना करा. आणि तिच्याबरोबर जे आहेत त्यांच्यासाठी, त्यांची नावं मला माहीत नाहीत."

मंगळवारी सकाळी मीटिंग चालू असताना फोन वाजला. नंबर अनोळखी. रेणू तशीच उठून बाहेर गेली.

"आई? वी आर इन. जिबूती. आय ॲम फाइन."

रेणू जिन्यात खाली बसली. मग निधी म्हणाली, "बाबांचा मेसेज वाचला, तुला सगळं कळलं म्हणून. सॉरी. मला वाटलं तू पॅनिक होशील."

"झालेच मी. एकटीनं झाले. पुढच्या वेळी माझं नाव घाल."

"पुढच्या वेळी?" निधीनं जरा चाचरत विचारलं. तिला वाटलं होतं, आई म्हणेल घरी ये.

"घाल नाव," रेणू म्हणाली.

डिसेंबरात निधी घरी आली. चौथ्या दिवशी भाजी निवडता निवडता तिनं आपण होऊन सांगितलं. बाबांना दुसरा मेल आला त्या मंगळवारी पहाटे जहाजाच्या डाव्या अंगाला, दोनेकशे मीटरवर, काहीतरी पाण्यात येऊन फुटलं. पाणी ब्रिजच्या, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीच्या, काचांवर आलं. सगळ्यांना खाली एका खोलीत नेऊन हजेरी घेतली. एक माणूस मिळेना. सात मिनिटांनी तो इंजिन रूममध्ये सापडला, त्याला अलार्म ऐकूच गेला नव्हता. "ती सात मिनिटं, आई," निधी म्हणाली आणि थांबली.

रेणूनं हातातली मेथीची जुडी पाटीत ठेवली. विचारायचं तर खूप होतं, पण तिनं एकच विचारलं.

"तू तेव्हा कुठं उभी होतीस?"

"दाराशी. मीच नावं वाचत होते," निधी म्हणाली, आणि पहिल्यापासून सगळं नीट सांगू लागली.