हार्डडिस्कचा पिंजरा
कम्प्युटरचा डबा उघडला की तापलेल्या धुळीचा वास येतो आणि ती दुपार आठवते. गेमसाठी मी गोंदियाच्या कुडवा भागातल्या एकाकडून वापरलेलं ग्राफिक्स कार्ड आणलं होतं. "लंबा है, पहले नाप लो," तो म्हणाला होता. मी नुसती वीत लावून पाहिली. तिरोड्याला घरी आलो तर कार्ड आत मावेना, हार्डडिस्कचा पत्र्याचा पिंजरा आडवा येत होता. नव्या डब्याला पैसे नव्हते. मी पिंजराच तोडला आणि हार्डडिस्क वायरीसकट बाहेर काढून डब्यावर ठेवली. गेम सुरू झाला, वायर माझ्याच पायात अडकली आणि चालू हार्डडिस्क फरशीवर आपटून कायमची बंद पडली. बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ तिच्यातच होता. वारलेल्या बाबांचा आवाज आमच्याकडे तेवढाच उरला होता, आणि आई रोज जेवण झालं की तो लावायला सांगायची. "काऊन रे, लागून नाही रायला का?" तिनं विचारलं. मी खरं सांगितलं. आठवड्यानं दुसरी डिस्क लावून मी गेम चालू केला, तेव्हा आई मागे येऊन उभी राहिली. पडद्यावर कोणी अनोळखी सैनिक ओरडत मरत होता. "किती साफ दिसून रायला रे," ती म्हणाली, आणि आत गेली. कार्ड अजून चालतं. आई खोलीत आली की मी पडदा बंद करतो.