खापरावर लिहिलेलं ‘सुटं’

दत्ताकाका गेल्याचा काकूंचा फोन आला तेव्हा मी कोलकात्यात, बेहालाच्या त्याच गल्लीत उभी होते. हो, त्याच! नव्या मॅनहोलचं झाकण तपासत होते. “अगं, चहा घेता घेता गेले,” काकू म्हणाल्या, आणि मी खुळ्यासारखी त्या झाकणाकडेच बघत राहिले... कारण त्याच्या खाली काय होतं, ते काकांना मी कधी खरं सांगितलंच नव्हतं.

त्याला आता महिना झाला. काका बाबांचे मित्र. पुरातत्त्व खात्यात होते, बदली होऊन कोलकात्यात आले आणि निवृत्तीनंतरही बालीगंजलाच राहिले. माझा जन्म इथलाच, त्यामुळे माझं मराठी अर्धं बंगाली. ते सुधारावं म्हणून बाबा मला दर रविवारी त्यांच्याकडे सोडायचे. मराठी किती सुधारलं माहीत नाही, खापरं धुवायला मात्र पक्की शिकले! जुन्या टूथब्रशने, हळूहळू. खापर सुकलं की काका त्याच्या आतल्या बाजूला काळ्या शाईने बारीक अक्षरात लिहायचे: कुठे सापडलं, किती खोल, शेजारी काय होतं. “जागा हरवली की खापर मुकं होतं,” म्हणायचे. आणि लिहिताना चुकलं तर खोडायचं नाही! एक रेघ मारायची, शेजारी बरोबर लिहायचं, खाली सही.

मी सिव्हिल इंजिनियर झाले तेव्हा वाटलं, आता चिडतील. छे! “शहराला गटारं नकोत का? जिवंत माणसं राहतात इथे. फक्त खणताना काही दिसलं तर एक दिवस थांब आणि मला फोन कर. पाइप दोन हात सरकतो गं, विहीर सरकत नाही.” मी हसत हसत म्हटलं होतं, “प्रॉमिस!”

आणि मग गेल्या वर्षी बेहालाच्या त्या गल्लीत गटाराची लाइन टाकताना दिसलीच की विहीर! जुन्या काळी बांधायचे तशी, भाजक्या मातीची रुंद कडी एकावर एक रचलेली. पाच मोजली मी. फोन हातात घेतला होता, खरंच. पण गल्ली महिनाभर उकरलेली, पावसाळा तोंडावर. समोरच्या घरातल्या माशीमा, म्हणजे मावशी, भिंतीवरचे ओलीचे डाग दाखवत ओरडत होत्या, “आर कॉतो दिन, दीदी? अजून किती दिवस? पुन्हा घरात पाणी शिरलं की तू येणार उपसायला?” सुपरवायझर माझ्या तोंडाकडे बघत होता. लाइन सरकवायची म्हणजे नकाशा बदला, पुन्हा मंजुरी... मी म्हटलं, चालू करा. दहा मिनिटांत कडी फुटली. एक तुकडा मी उचलला आणि रविवारी काकांना भेट म्हणून नेला. भेट!

काका लहान मुलासारखे खूश. बशीत पाणी घेतलं, टूथब्रश आला. मग शाई काढून बसले. “बोला इंजिनियरबाई. जागेवर होतं? रचलेलं?”

“नाही काका. सुटं होतं. भरावाच्या मातीत, एकच तुकडा.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं... जरा जास्तच वेळ. मग लिहिलं: बेहाला, सुटं. “असो. सुटं तर सुटं,” म्हणाले. “चहा घेणार ना?”

त्यांना कळलं होतं का? आता कुणाला विचारू?

यंदाच्या पावसात गल्लीत पाणी तुंबलं नाही. माशीमांनी बोलावून नारळाचे लाडू दिले. मी खाल्ले, गोडही लागले, आणि त्याचंच जास्त वाईट वाटतं. एक दिवस थांबले असते तर पाइपही बसला असता, विहीरही राहिली असती. निदान काकांनी ती बघितली तरी असती...

गेल्या रविवारी काकूंकडे गेले होते. खापर टेबलावरच होतं. “बाकीची सगळी डब्यात भरली त्यांनी, हे एवढं बाहेर ठेवायचे. तुझंच आहे, ने,” काकू म्हणाल्या. शाईची बाटली अजून अर्धी होती. मी त्यांच्या खुर्चीत बसले, ‘सुटं’वर एक रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: विहीर, पाच कडी, जागेवर. खाली सही केली. तेवढ्यातच खापर भरलं.

उरलेलं इथे लिहिलंय.