सारजाबाईंची आडवी बाटली

शेंद्र्याच्या अलीकडच्या त्या गावात सारजाबाईंना काही समजावून सांगायच्या भानगडीत कुणी पडत नसे, कारण त्यांना सगळं आधीच कळलेलं असायचं. वय बासष्ट, आवाज खणखणीत, आणि चुकल्या तरी त्या ठामपणे चुकायच्या.

या खेपेला त्यांनी गावातलं देशी दारूचं दुकान बंद करायला घेतलं होतं. मुलगा सांडू कंपनीतून सुटला की घराआधी दुकान गाठायचा. सून रूपालीनं सांगून टाकलं होतं की दुकान हललं नाही, तर ती लेकीला घेऊन सिल्लोडला माहेरी जाणार, आणि ते कायमचं. म्हणून सारजाबाईंनी बुद्धविहारात बायका जमवल्या, सह्या-अंगठे गोळा केले आणि मतदान मंजूर करून आणलं. मत फक्त बायकांनी, गावच्या शाळेत जाऊन द्यायचं. उभ्या बाटलीवर शिक्का म्हणजे दुकान चालू, आडव्या बाटलीवर म्हणजे बंद.

दुकानाचा गाळा शेजारच्या बद्रीनाथरावांचा. त्यांची बायको आशाबाई आणि सारजाबाई यांच्यात मोरीच्या पाण्यावरून नऊ वर्षं अबोला होता. तंटामुक्ती समितीनंही तिथं हात टेकले होते. तेव्हा सारजाबाईंनी मनाशी पक्कं केलं, की आशाबाईंच्या भावकीतल्या बायका आल्या तर उभ्या बाटलीलाच देणार, मग त्या येऊच नयेत. पंधरा दिवस त्या भिंतीवरून ऐकवत राहिल्या, "लाज असंल तं शाळेकडं फिरकू नका." त्या चौदा जणींनी खरंच न जायचं ठरवलं, आणि सारजाबाईंना आभाळ ठेंगणं झालं.

मतदानाच्या आदल्या दिवशी तहसील कचेरीतल्या बाई विहारात आल्या. "यादीत सहाशे बारा बायका आहेत," त्या म्हणाल्या. "निम्म्याहून जास्त, म्हणजे तीनशे सात मतं आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. जी येणार नाही, ती दुकानाच्याच कामी आली समजा. यादीत नाव राहिलेल्या मेलेल्या बायकासुद्धा."

म्हणजे त्या चौदा जणींना सारजाबाईंनीच दुकानाच्या कामी लावलं होतं. रूपाली समोरच बसली होती, आणि सारजाबाईंना तिच्याकडं बघवेना.

त्या तडक उठल्या आणि आशाबाईंच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. आशाबाई ओट्यावर ज्वारी पाखडत होत्या.

"येऊ नका म्हनले, ते चुकलं माझं," सारजाबाई म्हणाल्या. "उद्या समद्या जणींना घेऊन ये."

"आन मोरीचं?"

"मोरीचं भांडण ऱ्हाईल. तिथं माझंच खरं हाय."

आशाबाईंना हसू आवरेना. "गाळा आमचा हाय, ठाव हाय ना?"

"ठाव हाय. तुझ्या पोराला, शिवमला मिसरूड फुटलंय, ते बी ठाव हाय."

आशाबाईंचं हसू गेलं. त्यांनी सूप पुन्हा हातात घेतलं आणि त्या ज्वारी पाखडायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी चार वाजेपर्यंत त्या शाळेत फिरकल्या नाहीत. साडेचारला आल्या, मागं भावकीतल्या सगळ्या. सारजाबाईंकडं न बघता रांगेत उभ्या राहिल्या. मोजणी झाली तेव्हा आडव्या बाटलीला तीनशे आठ मतं निघाली. सारजाबाई चारचौघांत ढसाढसा रडल्या, आणि त्याची त्यांना जराही लाज वाटली नाही.

घरी येतात तो शेजारी बद्रीनाथरावांचा आवाज चढलेला. आशाबाईंना ओट्यावर उभं करून ते विचारत होते, "बोल, कुणाला मत दिलं? गाळा काय तुझ्या बापाचा व्हता?" आशाबाईंची मान खाली होती.

सारजाबाई सरळ जाऊन त्या ओट्यावर बसल्या आणि आशाबाईंचा हात धरून त्यांनाही शेजारी बसवलं.

"बद्रीनाथराव, मत कुणाला दिलं ते इचारायचा हक्क सरकारला बी नाय. तरी पायजेच असंल तं आम्ही तीनशे आठ जणी हाओत. माझ्यापासून सुरू करा, आन एकेकीच्या दारात जाऊन इचारा."

तेवढ्यात रूपाली लेकीला कडेवर घेऊन आली आणि आशाबाईंच्या दुसऱ्या बाजूला बसली. मग विहारातल्या बायका आल्या, पाठोपाठ भावकीतल्या. ओट्यावर जागा उरली नाही, तशा उरलेल्या खाली अंगणात बसल्या. बद्रीनाथरावांनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली, पायात चपला सरकवल्या आणि ते मळ्याकडं निघून गेले.