पानावर ठेवलेला हात

मॅडमांनी पुस्तकाच्या पानावर हात ठेवला, आणि माझी मुलगी वाचतच राहिली.

रेणुका तेव्हा नववीत होती. सरकारी रुग्णालयात मुलांच्या मानसिक तपासणीची ओपीडी असते, तिथल्या मानसतज्ज्ञ मॅडमांसमोर आम्ही दोघी बसलो होतो. मॅडम तिला म्हणाल्या, "तुझ्याच मराठीच्या पुस्तकातलं आवडीचं पान वाच." रेणुकानं खणखणीत आवाजात सुरुवात केली. स्वल्पविरामाला थांबायचं, प्रश्न आला की सूर चढवायचा, हे सगळं मीच शिकवलेलं. मी खुर्चीत जरा ताठ झाले. पहिला परिच्छेद संपत आला तसा मॅडमांनी आपला तळहात अलगद पुढच्या ओळींवर टेकवला. रेणुका थांबली नाही. झाकलेल्या चार ओळी तिनं एकही चूक न करता वाचून दाखवल्या.

"ही वाचत नाही, बाई," मॅडम मला म्हणाल्या. "पाठ म्हणतेय."

मग त्यांनी एका कागदावर मोठ्या अक्षरात काही शब्द लिहिले. टमुरा, गेलवी, निपोक. अर्थ नसलेले, कुठल्याही पुस्तकात नसलेले शब्द. रेणुका बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "तंबोरा." पुढच्या शब्दाला तिनं कागदाकडे पाहिलंच नाही, माझ्या तोंडाकडे पाहिलं. मॅडमांनी मला माझी खुर्ची तिच्या पाठीमागे घ्यायला लावली. "तुमचे ओठ हलतात," त्या म्हणाल्या. मला हे माहीतच नव्हतं.

मी शिक्षिका आहे. राहायला सोलापुरात, शुक्रवार पेठेत, आणि नोकरी मंद्रूपच्या शाळेत. रोज एसटीनं जाते. पाचवीच्या शिष्यवृत्तीचा वर्ग वर्षानुवर्षं माझ्याकडे आहे. 'बाईंच्या हाताखाली दगड दिला तरी तो शिष्यवृत्तीला बसेल', असं गावात म्हणतात आणि ते ऐकायला मला आवडायचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो माझ्या घरात होता. हे लिहायला लाज वाटते, पण तुमच्या घरात असं एखादं लेकरू असेल तर माझी लाज तुमच्या कामी येऊ दे.

खुणा पहिलीपासून होत्या. मी भाकरी थापता थापता मोठ्यानं धडा वाचायचे, रेणुका ओट्याला टेकून ऐकायची. तीनदा ऐकलं की धडा पाठ. पाहुणे आले की मी तिच्या हातात पुस्तक द्यायचे आणि ती घडाघडा 'वाचायची'. माझे सासरे, आबा, माढ्याला शेती बघतात. ते आले की म्हणायचे, "लई डोकं हाय की पोरीला! एकदा कानावर पडलं की सुटत न्हाय." खरं निदान त्यांनीच केलं होतं, फक्त आम्हाला कुणाला ते निदान वाटलं नाही.

लिहायला बसली की मात्र सगळा गोंधळ. काना गाळायची, मात्रा भलत्याच अक्षरावर, जोडाक्षर दिसलं की पेन थांबायचं. मी त्याला आळस म्हणायचे. एकेक चुकलेला शब्द पन्नास-पन्नास वेळा लिहून घ्यायचे आणि पन्नासाव्या वेळी पुन्हा चुकला की पान टराटरा फाडायचे. एकदा, ती सहावीत असताना, कानाखाली वाजवलीसुद्धा. "मंद्रूपची पोरं बरी तुझ्यापेक्षा," असंही म्हटलंय. हे सगळं मी केलेलं आहे.

नववीत तिच्या वर्गशिक्षिकेनं मला बोलावून उत्तरपत्रिका समोर ठेवल्या. धड्यावरची उत्तरं लिहिलेली, चुका असल्या तरी लिहिलेली. अपठित उताऱ्याचं, म्हणजे आधी न वाचलेल्या उताऱ्याचं पान मात्र प्रत्येक परीक्षेत कोरं. "एकदा तपासून घ्या, बाई," त्या म्हणाल्या. मला राग आला. माझ्या मुलीला तपासायला मी समर्थ आहे, असं मनात म्हणत मी घरी आले.

त्याच आठवड्यात जेवताना रेणुका म्हणाली, "आई, दहावीला मी बसणार नाही. आबांकडं माढ्याला जाते."

"का गं?"

"बोर्डात नापास होऊन मग सोडण्यापेक्षा आधीच सोडलेलं बरं की."

रडून बोलली असती तर मी ओरडले असते. पण ती आमटी वाढून घेत अगदी शांतपणे बोलली. तिचं ठरलं होतं. दुसऱ्याच दिवशी मी सरकारी रुग्णालयात केसपेपर काढायला रांगेत उभी राहिले.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण तुम्हालाही याच क्रमानं जावं लागेल. आधी डोळे तपासतात. मग ऑडिओमेट्री, म्हणजे कानाला यंत्र लावून ऐकू किती येतं ते बघतात. दोन्ही ठीक निघालं. मग ती पानावर हात ठेवण्याची पहिली भेट. त्यानंतर आयक्यू टेस्ट, म्हणजे बुद्ध्यांकाची चाचणी, आणि शेवटी वाचन, लेखन, गणिताच्या चाचण्या. सगळं दोन-तीन बैठकांत चालतं. बाहेरच्या बाकड्यावर वाट बघणं खूप. तिथे तेलुगू, कन्नड, दख्खनी, मराठी सगळं कानावर पडतं, आणि सगळ्या आया आपल्या लेकरांना एकच सांगत असतात, नीट उत्तरं दे.

बुद्ध्यांक हा शब्द ऐकला आणि मी घाबरले. समजा कमी आला तर? ते कायमचं कागदावर लिहिलं जाणार. मग मी तेच केलं जे मला येतं. तयारी करून घेतली.

माझ्या शाळेतल्या एका सहकारी बाईंच्या भाचीची अशी चाचणी झाली होती. तिला काय काय विचारलं ते मी खोदून खोदून काढलं. रंगीत ठोकळे जुळवून नक्षी करायची. आकडे ऐकून उलट्या क्रमानं म्हणायचे. चित्रातलं काय राहिलंय ते सांगायचं. मी मंगळवार बाजारातून लाकडी ठोकळे आणले, त्यांना घरीच रंग दिला आणि तीन आठवडे रोज सराव घेतला. पोळ्या लाटता लाटता आकडे म्हणायचे आणि रेणुका उलटे म्हणायची. सहा आकड्यांपर्यंत गेली. मी तिला शाबासकी दिली. किती महिन्यांनी दिली होती कुणास ठाऊक.

चाचणीच्या दिवशी अर्ध्या तासातच मॅडमांनी दार उघडून मला आत बोलावलं. टेबलावर ठोकळे होते. रेणुका मान खाली घालून बसली होती.

"मी हिला विचारलं, हे आधी केलंयस का," मॅडम म्हणाल्या. "ती म्हणाली, आईनं रोज करून घेतलंय."

मी म्हटलं, "मॅडम, थोडासा सराव. परीक्षेआधी करतोच की आपण."

"ही परीक्षा नाही. ताप बघायला आणलेल्या पोराला तुम्ही गोळी देऊन आणलंत. आता मी थर्मामीटर लावून काय बघू?"

याला प्रॅक्टिस इफेक्ट म्हणतात, हे त्यांनी समजावलं. आधी सराव झाला की आकडा फुगतो आणि मुलाला खरोखर काय जमतं ते झाकलं जातं. चाचणी तिथेच थांबवली. काही महिने जाऊ द्यावे लागणार होते. म्हणजे रेणुका दहावीत जाणार. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळायला प्रमाणपत्र लागतं, त्याचा अर्ज दहावीतच शाळेतून जातो. वेळेत अहवाल हातात पडेल की नाही, मॅडमही सांगू शकल्या नाहीत. माझ्या हुशारीनं माझ्या मुलीचे महिने खाल्ले.

घरी परतताना रेणुका माझ्या शेजारून चालत होती. मग म्हणाली, "आई, मी सांगायला नको होतं का?"

तेव्हा मला रडू आलं, भर रस्त्यात. ती खरं बोलली होती आणि माफीही तीच मागत होती.

आम्ही निघताना मॅडमांनी एक फॉर्म दिला होता. घरात आणखी कुणाला वाचायला त्रास होता का, असा एक प्रश्न त्यात होता. मी 'नाही' लिहायला लागले तेव्हा रेणुकाचे बाबा म्हणाले, "थांब."

ते एका कार्यालयात कारकून आहेत. रोज चहासोबत वर्तमानपत्र घेऊन बसतात. त्या दिवशी म्हणाले, "मी फक्त मथळे वाचतो. खालचं मला ओळीनं लागतच नाही. ऑफिसात फायली वाचायला मी शेजारच्या टेबलावरच्याला चहा पाजतो."

सतरा वर्षांचा संसार, आणि मला पत्ता नाही! आबांना फोन केला तर ते म्हणाले, "व्हय, ह्याला बी येत नव्हतं. मास्तरनं लई बडवला. आमाला वाटलं, बडवल्यावर आलं आसंल." फोन ठेवल्यावर रेणुका बाबांच्या शेजारी जाऊन बसली. दोघांनी मिळून वर्तमानपत्रातली कोडी सोडवली, चित्रांची. मी स्वयंपाकघरात गेले, कारण त्यांच्यात माझं काही काम नव्हतं.

मधल्या महिन्यांसाठी मॅडमांची सूचना एकच होती. काही करू नका. शिक्षिकेला ही शिक्षा आहे. ठोकळे मी माळ्यावर टाकले. भाकरी थापताना धडा वाचणं बंद केलं तर घर मुकं झाल्यासारखं वाटायचं, मग आम्ही गप्पा मारायला लागलो. शेजारच्या दुकानदाराची ती इतकी हुबेहूब नक्कल करते हे मला तेव्हा कळलं.

दहावीची शाळा सुरू झाल्यावर पुन्हा बोलावलं. मी बाहेर बाकड्यावर. दार बंद. शेजारी एक तेलुगू बोलणारी बाई आपल्या मुलीचे केस सारखे करत तिला पाढे म्हणायला लावत होती. मी तिला म्हटलं, "राहू द्या ताई, तिला जसं येतं तसं येऊ द्या." ती माझ्याकडे संशयानं बघायला लागली. बरोबरच होतं. कुणी मला असं सांगितलं असतं तर मीही तसंच बघितलं असतं.

दोन तासांनी रेणुका बाहेर आली. चेहरा लाल, पण खांदे सैल.

"कसं झालं?" माझ्या तोंडून गेलंच. जित्याची खोड!

"मला जे येत नव्हतं ते येत नाही म्हणून सांगितलं," ती म्हणाली. "आणि मॅडम म्हणाल्या, बरं. एवढंच म्हणाल्या. बरं."

नऊ वर्षांत तिला 'येत नाही' यावर 'बरं' असं उत्तर मी एकदाही दिलं नव्हतं.

अहवाल आला. स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे बुद्धी चांगली असूनही शिकण्यातल्या एखाद्या ठरावीक गोष्टीत मेंदूला अडचण येणं. तिच्यात ती वाचन-लेखनाची, म्हणजे डिस्लेक्सिया. बुद्ध्यांक उत्तम, कसल्याही सरावाशिवाय. ऐकून लक्षात ठेवण्याची ताकद वयापेक्षा पुढची. वाचन तिसरीच्या पातळीचं. मी पाचवीला शिकवते. माझी मुलगी माझ्या वर्गात बसली असती तर तिथेही ती मागे पडली असती, आणि मी तिला रोज समोर बघत होते.

मॅडमांनी अहवाल मला नाही, रेणुकाला समजावला. "तू इतकी वर्षं वाचता न येता पास झालीस. त्याला किती मेहनत लागली असेल, याचा मी विचार करतेय," त्या म्हणाल्या. रेणुका आधी हसली, मग टेबलावर डोकं टेकवून रडली. मी विचारलं, हे जाईल का? "जाणार नाही," त्या म्हणाल्या. "पण वाट निघते. हळू निघते."

प्रमाणपत्र अर्जाची मुदत संपायच्या चार दिवस आधी मिळालं. जादा वेळ मिळाला, लेखनिक मिळाली. वर्गशिक्षिकेला मी घरी बोलावून शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाऊ घातली, आणि त्यांच्यावर रागावले होते हेही सांगून टाकलं. "ठाऊक होतं की," त्या म्हणाल्या. रेणुका दहावी पास झाली. गुण सांगत नाही, कारण तुम्ही लगेच तुमच्या मुलांच्या गुणांशी ताडून बघाल.

तुम्हाला एवढंच सांगते. मुलाला तपासायला नेताना घरून काहीही शिकवून नेऊ नका. जसं आहे तसं न्या.

आता ती अकरावीला आहे. अशा मुलांना शिकवणाऱ्या विशेष शिक्षिकेनं रोज एक नवा उतारा वाचायला सांगितलाय, आधी कुणी तिला वाचून न दाखवलेला. संध्याकाळी ती ओट्याला टेकून उभी राहते आणि मी भाकरी थापते. आता वाचते ती. बोटानं अक्षर धरून, अडखळत, चार ओळींना पाच मिनिटं लावते. परवा 'प्रतिष्ठा' शब्दाशी अडली. प्र, म्हणाली. प्रति, म्हणाली. आणि थांबली. तवा तापला होता, मी तिच्याकडे बघत होते.

"आई," ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "ओठ."

मी ओठ मिटले. ती पुन्हा पहिल्या अक्षरापासून निघाली. भाकरी थोडी करपली, पण शब्द तिचा तिनं पूर्ण केला.