पूजेतलं ग्राइंडर

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. सख्ख्या भावाला नाही. देवापुढे उभं राहूनही नाही — तिथं मी नेहमी भलतंच काहीतरी मागून परत येतो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

दहिवलीत माझं गॅरेज आहे. माझा धाकटा मावसभाऊ संतोष वेल्डिंगचं काम बघायचा. त्याचा जोड बोटांनी चाचपला तरी सापडत नसे. पाटी माझ्या नावाची, आणि गिऱ्हाईक दारातून विचारणार, "संतोष आहे का?" मला राग यायचा का? यायचा. पण हसून म्हणायचो, आहे ना, या.

कर्जतचे नाना, कॉलेजातून निवृत्त झालेले, त्यांनी आपल्या वडिलांची गाडी आमच्याकडे आणून टाकली. बिनटपाची, परदेशी, गोठ्यात राहून कुजलेली. बायकोला शेजारी बसवून एकदा तिच्यातून फिरायचं, एवढीच त्यांची हौस. आम्ही ती पार सांगाड्यापर्यंत उघडली. खालची चासी एकीकडे, वरची बॉडी दुसरीकडे लोखंडी घोड्यांवर टेकवलेली. अशा गाडीला छप्पर नसतं, त्यामुळे चासीवरून उतरवली की बॉडीला मधे धरून ठेवणारं काही उरत नाही. म्हणून दोन्ही दारांच्या जागी लोखंडी पाइप आडवे वेल्ड करतात. बॉडी परत चासीवर बसेपर्यंत ते कापायचे नाहीत. संतोषने ते लावले आणि मला पुन्हापुन्हा बजावलं. मला!

खंडेनवमी आली. त्या दिवशी आम्ही सगळी हत्यारं धुऊनपुसून मांडतो, हळदकुंकू वाहतो, झेंडू घालतो, आणि मग दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावत नाही. पूजा संतोषच करायचा, अगदी मनापासून. दुपारी कोंबडं झालं, त्यानं भरपूर घेतली — तेव्हा तो घ्यायचा — आणि मागच्या खोलीत आडवा झाला. बाकीचे घरी गेले. मी एकटाच राहिलो.

रंगवलेली दारं भिंतीला टेकून होती. सकाळी नाना बायकोला घेऊन हार घालायला येणार होते. दारं लावून, मिटून दाखवली तर? पाइप मधे येत होते. मी — आता सांगतोच — मी पूजेतलं ग्राइंडर उचललं. कुंकू पँटला पुसलं आणि पाइप कापले. दारं बसवली. ती काय झकास मिटली म्हणून सांगू! माझीच मला पाठ थोपटावीशी वाटली. कापलेली टोकं दिसू नयेत म्हणून आतून चादर टाकली, ग्राइंडर जागच्या जागी ठेवून त्यावर झेंडू वाहिला. उद्या नाना बघून गेले की पाइप परत लावू, असं मनाशी म्हणालो.

सकाळी नाना माझ्याही आधी हजर. सोबत घरचे, शेजारचे. म्हणाले, मुहूर्त चांगला आहे, आत्ताच बॉडी चासीवर ठेवा. थांबा, मी पाइप कापलेत — एवढंच तर बोलायचं होतं. मागच्या खोलीतून नुकताच उठून आलेल्या संतोषसमोर ते तोंडातून निघेना. कप्पीची साखळी मीच ओढली. बॉडी वर गेली आणि मधोमध वाकली. तो आवाज ऐकून नानांच्या बायकोने तोंडावर हात धरला.

संतोषने चादर ओढली. "पाइप कुनी कापलं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "काल दुपारी तूच कापत होतास ना, संतोष?"

"मी? पूजेतलं ग्राइंडर मी उचललं?" त्याने आपल्या हातांकडे बघितलं. "मला तं कायच आठवत नाय, दादा."

तो ओरडला असता, माझी गचांडी धरली असती, तर मी कदाचित कबूल झालो असतो. नाही, हेही खोटं. मी गप्पच राहिलो असतो.

दारू पिऊन पूजेतलं हत्यार उचललं, ही गोष्ट पार खोपोलीपर्यंत गेली. त्याला कुणी काम देईना. त्यानेही मागितलं नाही. दारू त्या दिवशी सुटली, आणि वेल्डिंगही. त्याच वर्षी मावशी गेली. आपण पूजा बाटवली म्हणूनच आई गेली, असं त्याने धरलं. मी तिच्या तिरडीला खांदा दिला, तेव्हाही बोललो नाही.

गाडी काही धड झाली नाही. नाना तिच्यात न बसताच गेले. मुलाने ती कळंबच्या एका रिसॉर्टला विकून टाकली. लोक तिच्यात बसून फोटो काढतात. वाकल्यावर दारं मिटेनात, म्हणून मीच ती वेल्ड करून कायमची बंद केली आहेत. माझा जोड आहे तो, लांबूनही दिसतो. तिथेच शब्द टाकून मी संतोषला वॉचमन लावलं. इतकं होऊनसुद्धा भावाला सांभाळलं, असं लोक म्हणतात. मी मान हलवतो.

गेल्या खंडेनवमीला तिकडे गेलो होतो. संतोष गेटवरून उठून आला. केस पांढरे झालेत. माझे हात धरून म्हणाला, "दादा, त्या वर्षी माज्या हातनं पाप झालं. तुज्या गॅरेजचं नाव घालवलं मी. रोज ही गाडी बगतो नि आत तुटतं रं. एकदा माफ केलं म्हन मला."

गाडी तिथेच, त्याच्या पाठीमागे उभी होती.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "केलं माफ."