गुणवंतरावांची टू-स्ट्रोक

कुरखेड्यात गुणवंतरावांसमोर त्यांच्या जुन्या टू-स्ट्रोक गाडीला नावं ठेवायची कोणाची टाप नव्हती. परवा चहाच्या टपरीवर त्यांच्या मेव्हण्यानं, धनराजनं, फोर-स्ट्रोकची बाजू घेतली, तर ते उसळलेच.

"माहं इंजिन दर फेरीले जोर लावते, तुहं एक फेरी सोडून. मंग दमदार कोण?"

"पण भाऊजी, तुमचं पेट्रोल अन् ऑईल न जळताच सायलेन्सरातून बाहेर जाते."

"पुरावा दाखव!"

गाडीवरून नुकतीच उतरलेली त्यांची बायको कमळा पुढं आली. तिनं साडीचा काठ धरून दाखवला. त्यावर काळे, चिकट ठिपके होते.

"लगन झालं तवापासून मागच्या सीटवर बसून हा पुरावा मीच आणतो," ती म्हणाली, "अन् मीच धुतो."