पायरीवरची साडेसातची गाडी

आमच्या कंडक्टर मावशीसारखी बाई अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरी सापडणार नाई, अन् सापडलीच तर दोघींले एका गाडीत बसवू नका, काचा राहणार नाईत! साडेसातच्या वडनेर-हिंगणघाट गाडीवर ती होती तोवर मले कॉलेजले उशीर व्हायची भीतीच नव्हती. मी आमच्या शेताजवळच्या बाभळीपाशी चढायची. तिथं पाटी नाई, शेड नाई, नुसती बाभूळ. पण मी बांधावरून धावत येताना दिसले की मावशी दारातून अर्धी बाहेर येऊन ओरडायची, "पळ वं माय! गाडी काय तुह्या बापाची हाय?" तोंडानं हे, अन् हातानं घंटी ओढून गाडी उभी करून ठेवलेली! तिकिटाच्या आधी डब्यात काय आहे ते विचारायची. पेपरच्या दिवशी तर चक्क प्रश्न विचारायची, अन् उत्तर चुकलं की अख्ख्या गाडीले सांगायची.

मग दिवाळीनंतर तिची टाच धरली. टाचेच्या मागं पोटरीकडून जाड नस येते ना, ती. इतकी वर्षं हलत्या गाडीत चवड्यावर उभं राहून तिकिटं दिली, मग काय होणार! सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की डोळ्यात पाणी. गाडीत प्रत्येकाकडं औषध. एक आजी म्हणे, तापल्या विटेवर रुईचं पान ठेवून टाच शेक. एक काका म्हणे, मोहाचं तेल चोळ. कोणाले वाईट वाटू नये म्हणून मावशीनं एकाच आठवड्यात सगळं केलं. मी विचारलं, "फरक पडला का?" तर म्हणे, "टाचेले नाई पडला, पण घरात मच्छर नाई राह्यला."

शेवटी सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवलं. फिजिओथेरपीवाल्या मॅडमनं सांगितलं, ऑपरेशनची गरज नाई. बुटात टाचेखाली जाड गादी घाला, धावपळ कमी करा, अन् पायरीचा व्यायाम. पायरीच्या काठावर चवडे टेकवून उभं राहायचं, चांगल्या पायावर वर उठायचं अन् दुखऱ्या पायाची टाच हळूहळू खाली सोडायची. पंधरा वेळा. दम खाऊन पुन्हा, असं तीनदा. सकाळ-संध्याकाळ, तीन महिने! तोवर गाडीवरची ड्युटी बंद, मावशी हिंगणघाट डेपोच्या चौकशीच्या खिडकीत.

आता डेपोत पायऱ्या काय कमी आहेत? पण बाईले पायरी पाहिजे आमच्याच गाडीची! आम्ही उतरलो की ती खिडकी सोडून यायची, दारातली दांडी धरून तोंड आत करून उभी. अन् आकडे मोजायचीच नाई. "वडनेर," टाच खाली. "शाळा," टाच खाली. "पुलिया." आमच्या रस्त्यावर गाडी थांबते त्या जागा बरोब्बर पंधरा, बाभळीसारख्या बिनपाटीच्या धरून. म्हणजे पंधरा झाले की हिंगणघाट! ड्रायव्हर काका वैतागायचे, "उतरा ना बाई, गाडी काढायची आहे." तर ही वरून, "थांबा हो, आत्ताशी पुलियावर हाय मी!"

एकदा मी म्हटलं, "मावशी, सरळ एक-दोन-तीन म्हण ना."

तर डोळे वटारून म्हणे, "एक-दोन म्हटलं तर टाच बरी होईन वं. पण मी पोचीन कुठं?"

तीन महिन्यांत टाच खरंच सुधारली. मॅडमनं गाडीवर जायले होकार दिला, अन् आम्ही पोरींनी तिच्या सीटले बांधायले शेवंतीचा हारसुद्धा आणला. पण ड्युटी लागली वर्ध्याच्या गाडीवर. हार आम्ही तिथंच नेऊन बांधला. मावशी म्हणे, "रडता काऊन? वर्धा काय विलायतेत हाय?" अन् स्वतःच पदरानं नाक पुसून राह्यली होती.

आमच्या गाडीवरचा नवा कंडक्टर चांगला माणूस आहे. वेळेचा पक्का. माझी गाडी आतापर्यंत चारदा सुटली.

मॅडमनं व्यायाम इतक्यात सोडू नका म्हटलंय. म्हणून परवा डेपोत पाहते तर वर्ध्याच्या गाडीच्या पायरीवर मावशी, माझ्याकडं पाठ करून. मी हाक मारणार, तेवढ्यात ऐकू आलं. "वडनेर. शाळा. पुलिया." गाडी वर्ध्याची, पण रस्ता अजून आमचाच! मग ती म्हणाली, "बाभूळ." टाच खाली गेली अन् खालीच राह्यली. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देऊन राह्यला, तरी टाच वर येईना.

दांडी धरून, मागं न बघता, मावशी अगदी हळू म्हणाली, "पळ वं माय."